सकाळीच लिहिलेली रवानगी

भामाबाई चिडली की आधी गप्प होते, हे उमरी तालुक्यातल्या तिच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती तोंडानं बडबडतेय तोवर काही भीती नाही. पदर खोचून, ओठ मिटून ती उठली, की ज्याच्यावर नजर गेली त्यानं आपलं काय चुकलं ते आठवायला लागावं. तरीही तिला कोणी भांडकुदळ म्हणत नाही, कारण तिचा राग उगाच कुणावर पडत नाही. ज्या गोष्टींचा राग सगळ्यांना यायला हवा आणि कुणालाच येत नाही, त्या नेमक्या तिच्या वाट्याला येतात, इतकंच.

ती इस्लापूरकडची. माहेर धबधब्यापासून जवळ. तिकडची माणसं पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलतात असं तिची सासू म्हणायची, आणि ते खरं असावं. सातवीपर्यंत शिकली, सतराव्या वर्षी लग्न होऊन इकडं आली. गेली चौदा वर्षं गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्याला पगार नाही, मानधन आहे. कारण सरकारच्या लेखी ती नोकरीत नाही, सेवेत आहे. तिचा नवरा लिंबाजी हाताला काम असेल तेव्हा गवंडी आणि बोलावणं आलं की होमगार्ड. म्हणजे घरात दोघंही सरकारची, आणि दोघंही सरकारची नाहीत.

होमगार्ड म्हणजे काय हे अर्ध्या लोकांना नीट माहीत नसतं. अंगात खाकी असते, गळ्यात शिट्टी असते, हातात काठी असते, पण तो पोलीस नसतो. निवडणूक, जत्रा, गणपती, कुणा मोठ्या माणसाचा दौरा, काहीही असलं की त्याला बोलावतात, उन्हात उभा करतात आणि काम झालं की घरी पाठवतात. कागदावर त्याला ‘मानसेवी’ म्हणतात. मान द्यायचा आणि सेवा घ्यायची, असा त्याचा सरळ अर्थ. सेवा कुठं घेतात ते लिंबाजीला पहिल्याच दिवशी कळलं. मान कुठं देतात ते सत्तावीस वर्षांत सापडलं नाही. पण माणूस हौशी. बंदोबस्ताच्या आदल्या दिवशी बूट स्वतः पॉलिश करणार, टोपी तीनदा आरशात बघणार. “लगीन ठरलंय का कुठं?” असं भामाबाई दरवेळी विचारायची, आणि तो दरवेळी लाजायचा.

मागच्या साली अनंत चतुर्दशीला लिंबाजीच्या पथकाला गोदाकाठच्या एका मोठ्या गावी विसर्जनाच्या बंदोबस्ताला पाठवलं. त्या ठाण्याचं नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार आहे? घाटाचा उतार चिखलानं निसरडा झालेला. एका मंडळाचा ट्रॅक्टर ट्रॉली मागं घेत पाण्याकडं उतरवत होता, आणि चाकं घसरली. खाली कडेला पन्नासेक माणसं, निम्मी गुलालात, निम्मी मोबाईलमध्ये. लिंबाजीनं हाताला लागला तो धोंडा उचलून चाकाखाली टाकला. तो उडाला. त्यानं दुसरा टाकला, आणि त्यावर चाक थांबलं. मधल्या वेळात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चाकात सापडला होता. त्याचं ओरडणं ढोलाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. गेलं ते एकट्या माणिकप्पाला.

माणिकप्पा म्हणजे लिंबाजीचा जोडीदार, देगलूरकडचा, गेली वीस वर्षं प्रत्येक बंदोबस्तात त्याच्या शेजारी उभा राहिलेला होमगार्ड. त्यानंच लिंबाजीला बाहेर ओढलं आणि त्यानंच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तेव्हा सात चाळीस झाले होते. पुढं विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात लिंबाजीच्या नडगीत सळई घातली. डॉक्टर चांगले होते, पाय वाचला. पण परांचीवर चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आणि वर्षा-दीड वर्षानं सळई काढायला पुन्हा यायचं, असं सांगून त्यांनी त्याला घरी पाठवलं. परांचीवर न चढणारा गवंडी म्हणजे काय, हे भामाबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता होमगार्ड कर्तव्यावर जखमी झाला तर उपचाराला मदत आहे, घरी बसून काढलेल्या दिवसांचा भत्ता आहे, मेला तर बायकोला आधार आहे. नाही असं नाही. सरकार काही अगदीच दगड नाही. फक्त त्यासाठी जखमी माणसाच्या कागदावर दोन शब्द लागतात: ‘कर्तव्यावर असताना’. भामाबाईला वाटलं, एवढंच ना? खाकीत होता, घाटावर होता, हजारभर लोकांनी बघितला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

जिल्ह्याच्या कचेरीत ही फाईल रेणुकादास यांच्या टेबलावर होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला हा कारकून तसा सज्जन माणूस. चष्मा कायम कपाळावर, डब्यात रोज मेथीची भाजी आणि शुद्धलेखनाचा भारी सोस. पहिल्या खेपेला त्यांनी भामाबाईच्या अर्जातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या नऊ चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि अर्ज नव्यानं लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला ते रजेवर होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. सरकारी कचेरीत कुणी बसायला सांगितलं की बातमी वाईट असते.

“हे बघा बाई,” त्यांनी ठाण्याच्या रजिस्टरची झेरॉक्स तिच्यापुढं धरली. “हे आमद-रवानगीचं पान. आमद म्हणजे हजर झाल्याची वेळ, रवानगी म्हणजे सुटल्याची. तुमच्या मालकांची आमद सकाळी नऊ, रवानगी सायंकाळी सहा. शेजारी त्यांचीच सही. अपघात सात चाळीसला. म्हणजे अपघाताच्या वेळी ते कर्तव्यावर नव्हते.”

“मग काय व्हते?”

“नागरिक होते.”

भामाबाईनं स्टूल पुढं ओढलं. “खाकीत? गळ्यात शिट्टी, हातात काठी?”

“सुटी झाल्यावर थोडा वेळ गणवेश अंगावर राहतोच की. थांबले असतील मिरवणूक बघायला. भाविक माणसाला मोह होतो.”

इथं भामाबाईला हसू आलं. रागाच्या भरात यावं तसलं हसू. “साहेब, आमचं विसर्जन छपन्न सालीच झालं. माझ्या आजेसासऱ्यानं घरातले समदे देव एका दमात गोदेत सोडले, तवापासून आमी बुद्धाचे. आमच्या घरात गणपती बसत न्हाई अन् उठत बी न्हाई. ज्याला बसायचा त्याचा बसो, आमचं काय म्हननं न्हाई. पर ह्यो मानूस सकाळपासून उनात हुबा राहून, सुटी झाल्यावर पुन्हा हौसेनं चिखलात जाऊन दुसऱ्याच्या गणपतीच्या चाकाखाली पाय घालंल?”

रेणुकादासांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. त्यांच्या घरी दहा दिवसांचा गणपती; पण मुद्दा मुद्दा असतो हे त्यांना कळत होतं. “पटलं,” ते म्हणाले. “शंभर टक्के पटलं. पण हे मी टिपणीत लिहू कसं? ‘सदर इसम बौद्ध असल्याने विसर्जन पाहण्यास थांबला नसावा’, असं एक वाक्य गेलं की फाईल वर जाऊन जी बसेल ती माझ्या निवृत्तीनंतरही उठायची नाही.”

“पटलंय तर लिवा की.”

“बाई, पटणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. इथं मी बोलत नाही, कागद बोलतो.”

“मंग तुमी कशाला बसून राहिले इथं?” असं भामाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण स्टूल त्यांनी दिलं होतं, म्हणून तिनं ते गिळलं.

घरी आल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. लिंबाजी बाजेवर पाय लांब करून पडला होता.

“तुमी सहाला सही केली?”

“कुठली?”

“रवानगीची.”

“सहाला कुठं,” लिंबाजी सहज म्हणाला. “सकाळी नवालाच केली.”

भामाबाई गप्प झाली. लिंबाजीच्या लक्षात आलं की हे काही ठीक नाही, म्हणून तो भराभर सांगू लागला. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं. ठाणं एकीकडं, घाट सात किलोमीटर दुसरीकडं. रात्री मिरवणूक संपल्यावर अंधारात परत ठाण्यावर जाऊन फक्त एक सही करायची आणि मग घरची वाट धरायची, हे कुणाला जमणार? म्हणून सकाळी हजर होताना दोन्ही सह्या एकदम करायच्या. वेळ सगळ्यांनी सहा टाकायची, कारण कागदावर सहाला दुसरी पाळी येते. ती पाळी सत्तावीस वर्षांत कुणी डोळ्यांनी बघितलेली नव्हती. “बत्तीस जन व्हतो, बत्तीस जनांनी तसंच केलं. समदीकडं तसंच असतंय.”

“म्हंजे चाकाखाली जायच्या धा तास आधीच तुमी कागदावर सुटी घेऊन टाकली व्हती.”

“तसं बघितलं तर हाव.”

ज्याचा पाय मोडलाय त्याला मारता येत नाही. भामाबाईनं ते दुःख पाण्याच्या घागरीवर काढलं. ती आदळून ठेवली आणि म्हणाली, “उद्या अर्ज लिवू. सही सकाळी घेतली असं सरळ लिवून देऊ.”

आणि इथं लिंबाजीनं मान हलवली. आयुष्यात बायकोपुढं तो असा तीन-चारदाच आडवा उभा राहिला असेल. “न्हाई. मी लिवून दिलं की ती खोटी नोंद झाली. मग मला काढतील, वर एकतीस जनाला काढतील. माणिकप्पाला काढतील. रजिस्टर ठेवनाऱ्या उमाशंकर हवालदाराची नोकरी जाईल. माझ्या एका पायापायी?”

“लोकांपायी पाय दिला, आता भाकर बी देऊन टाका.”

“तू म्हन काय बी. मी नावं घेणार न्हाई.”

त्या रात्री भामाबाईला नवऱ्याचा इतका संताप आला होता की त्याला थोडा अभिमानही चिकटलेला होता, आणि त्या अभिमानाचाच तिला जास्त संताप येत होता.

पुढचा सोमवार उजाडला. शाळेत खिचडी चढवून झाल्यावर मुख्याध्यापकांनी नेहमीप्रमाणे चवीची वही पुढं सरकवली. पोरांना वाढायच्या आधी अन्न चाखून बघायचं आणि ‘चव घेतली, ठीक आहे’ असं लिहून सही करायची, असा नियम आहे. भामाबाई दर सोमवारी शनिवारपर्यंतच्या सहा सह्या एका बैठकीत उरकायची. पेन हातात घेतलं आणि ती थबकली. गुरुवारची खिचडी अजून शिजलेली नाही, तांदूळसुद्धा पोत्यातच आहेत, आणि आपण चौदा वर्षं सोमवारी तिची चव घेऊन राहिलो. नवऱ्याला कोणत्या तोंडानं बोललो आपण? तिनं सोमवारची एकच सही केली आणि वही मिटली. “बाकीच्या?” मुख्याध्यापकांनी विचारलं. “ज्या दिवसाची त्या दिवशी,” ती म्हणाली. त्यांनी हिला आज काय झालं अशा नजरेनं बघितलं. त्या दिवसापासून रोज एक सही सुरू झाली, आणि मुख्याध्यापकांना रोज वही शोधावी लागते म्हणून तेही चिडले.

मग ती त्या ठाण्यात गेली. उमाशंकर हवालदार पन्नाशीचा, पोट सुटलेला, घामेजलेला माणूस. त्यानं तिला चहा पाजला, लिंबाजीची चौकशी केली, डोळ्यांत पाणीही आणलं. पण त्या रात्री ठाण्याच्या डायरीत काय नोंद केली, असं तिनं विचारल्यावर त्याचा चेहरा उतरला. नोंद होती: ‘घाटावर एक इसम जखमी.’

“इसम?” भामाबाई म्हणाली. “तुमी वळखत न्हाई त्याला? पंधरा वरसं तुमच्या हाताखाली राबून राहिला की.”

“ताई, रजिस्टरात सहाची रवानगी. मग साडेसातला होमगार्ड जखमी कसा लिवू? तुमीच सांगा. आन ही पद्धत काय मी काढली का? मी आलो तवा चालूच व्हती.”

माणिकप्पानंही अंग काढून घेतलं. “वैनी, बाकी काय बी सांगा. रगत देतो, रात-रात दवाखान्यात बसतो. पर लिहून मागू नका. माझी बी सही त्याच पानावर हाय.” आणि तो खरोखर दवाखान्यात बसलेला होता, हे भामाबाईला नाकारता येईना. वाईट माणूस एकही नाही आणि काम कुणीच करत नाही, असल्या जागी भांडायचं तरी कुणाशी? एखादा पक्का बदमाश भेटला असता तर तिला बरं वाटलं असतं.

असे दहा महिने गेले. उमरी ते नांदेड इतक्या खेपा झाल्या की कंडक्टर तिला बघून विचारायचा, “मावशी, फाईल कुठवर आली?” लिंबाजी काठी टेकत अंगणात फिरू लागला. खाकी पिशवीत घालून माळ्यावर टाकली होती. ती खाली काढायची नाही, असं त्यानंच सांगितलं. एकदा शेजारच्यानं सहज विचारलं, “मिरवणुकीत पाय मोडला म्हनं?” त्या दिवशी लिंबाजी जेवला नाही. भामाबाईला तेव्हा कळलं की हे दोन शब्द आपल्यापेक्षा ह्यालाच जास्त हवे आहेत. हा माणूस बघ्या म्हणून मरायला तयार नव्हता.

शेवटी जुलैत चौकशी लागली. चौकशी अधिकारी सौदामिनी मॅडम, दुसऱ्या कचेरीतून आलेल्या, कमी बोलणाऱ्या, घड्याळाकडं बघत बोलणाऱ्या. कचेरीच्या भिंतीवर ‘निष्काम सेवा’ असं रंगवलेलं, त्याच्याखाली बाकावर लिंबाजी, भामाबाई आणि माणिकप्पा. समोर उमाशंकर हवालदार, मांडीवर ते जाडजूड रजिस्टर घेऊन. मूळ कागद आणा असा हुकूम होता. लिंबाजीनं येतानाच सांगून ठेवलं होतं, “मी कुनाचं नाव घेणार न्हाई.”

मॅडमनी तीन-चार प्रश्न विचारले. सही तुमचीच? हाव. वेळ तुम्हीच लिहिली? हाव. मग सातनंतर तिथं का होता? लिंबाजी खाली बघत बसला. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि जाताना म्हणाल्या, “रेणुकादास, जबाब तयार करून घ्या.”

रेणुकादासांनी कोरा कागद काढला. मनानं चांगला माणूस, त्याला लिंबाजीच्या पायाची दया आली. “तुम्हाला एकची बस आहे ना? खाली इथं सही करून ठेवा. मजकूर मी सावकाश, शुद्ध भाषेत उतरवून घेतो. उगाच ताटकळू नका.”

आणि लिंबाजीनं खिशातून पेन काढलं! सत्तावीस वर्षांची सवय ती. पेनाचं टोक कागदाला टेकणार एवढ्यात भामाबाईनं त्याच्या हातातून पेन हिसकावून घेतलं, असं की काठी खाली पडली आणि खडखडाट झाला.

“कोऱ्या कागदावर?” ती ओरडली. माहेरचा आवाज लागला होता. “मोडला तेवढा पाय पुरला न्हाई का तुमाला?”

मॅडमनी फोन खाली केला. “काय चाललंय?”

“मॅडम, हेच चाललंय. त्या दिशी बी हेच झालं. सही आधी, मजकूर मागून. साहेब वाईट न्हाईत, बसच्या काळजीनं म्हनून राहिले. तिथला मानूस बी वाईट नव्हता, सात किलोमीटरच्या काळजीनं म्हनाला. चांगली मानसंच सह्या घेऊन राहिली समदीकडं.” रेणुकादासांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तो कोरा कागद हळूच फाईलखाली सरकवला.

मॅडम खुर्चीवर येऊन बसल्या. “म्हणजे रवानगीची सही सकाळीच घेतली, असं तुमचं म्हणणं? पुरावा काय?”

लिंबाजीनं बायकोकडं बघितलं. त्या नजरेत विनवणी होती. माणिकप्पानं डोळे मिटले. आणि भामाबाईला आपली चवीची वही आठवली. सोमवारीच चाखलेली गुरुवारची खिचडी आठवली. अशी सवय एका दिवसाची नसते, आणि एका अपघातानं जातही नाही.

“मी कुनाचं नाव घेत न्हाई, मॅडम. गणपतीचं पान ऱ्हाऊ द्या. रजिस्टरातलं आजचं पान काढा.”

उमाशंकर हवालदाराचा हात रजिस्टरवर घट्ट झाला. मॅडमनी हात पुढं केला, तेव्हा त्याला ते द्यावंच लागलं. त्यांनी पानं उलटली आणि शेवटचं लिहिलेलं पान काढलं. त्या दिवशी तिकडं आठवडी बाजार होता, सहा होमगार्ड बंदोबस्ताला होते. सकाळी त्यांच्या सह्या घेऊनच हवालदार रजिस्टर बगलेत मारून नांदेडला आला होता. सहा आमदी, नऊ वाजता. सहा रवानग्या, सायंकाळी सहा वाजता. शेजारी सहा सह्या.

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बारा चाळीस.

“हवालदार,” त्या म्हणाल्या, “आज सहा वाजून गेले का?”

उमाशंकर डोक्यावरची टोपी काढत उभा राहिला. सगळ्यांच्या आधी बोलला तो लिंबाजी. “मॅडम, त्याला काय करू नका. पाऊस आला की आमाला ठाण्यात आत घेऊन बसवणारा तेवढाच एक हाय.” भामाबाईनं कपाळाला हात लावला. दहा महिने ज्याच्यामुळं हेलपाटे मारले, त्याच्यासाठी हा शब्द टाकतोय! पण तिनं त्याला अडवलं नाही.

मॅडमनी जबाब स्वतःच्या हातानं लिहिला, वाचून दाखवला आणि मग सही मागितली. उमाशंकरला ताकीद झाली, नोकरी राहिली. कुणालाही काढलं नाही. काढायचं म्हटलं असतं तर जिल्ह्यात बंदोबस्ताला माणूस उरला नसता, हे मॅडमनाही कळत होतं. ऑगस्टमध्ये पत्र आलं. त्यात नाव ‘निंबाजी’ पडलं होतं. भामाबाई पुन्हा नांदेडला गेली, आणि शुद्धलेखनाच्या त्या भक्तानं मान खाली घालून तिच्यासमोर ‘न’चा ‘ल’ केला. उपचाराची सोय झाली, घरी बसलेल्या दिवसांचा प्रश्न सुटला, सळई काढायची तारीख मिळाली. लिंबाजी आता वयानं आणि पायानं पथकातून बाहेर झाला. तो ते पत्र अंगणात बसून मोठ्यानं वाचायचा, आणि ‘कर्तव्यावर असताना’ आलं की शेजारच्या घराकडं तोंड करायचा.

मग यंदाचा गणपती आला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच माणिकप्पा दारात हजर. डोळे तांबारलेले, बुटांना चिखल, आणि तोंडाचा पट्टा सुरू. “वैनी, काय करून ठेवलं तुमी! आता म्हनं ज्याची रवानगी त्यानं त्याच वक्ताला, ठाण्यावर येऊनच. रातच्याला एक वाजता मिरवणूक संपली. जीप न्हाई, गाडी न्हाई. सात किलोमीटर चालत गेलो, एका सहीपायी! एकतीसच्या एकतीस जन तुमाला शिव्या देऊन राहिले.”

“द्या की,” भामाबाई म्हणाली. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. “सही केली का पर?”

“केली. दोन वाजून पंचवीस मिनिटं.”

“मंग साडेबाराला तुमी घाटावर पाय घसरून पडले असते, तरी तुमच्या बायकोला फाईलीपायी नांदेडच्या गाडीत बसावं लागलं नसतं.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “तुमाला सात किलोमीटर लागले, भाऊजी. आमाला अकरा म्हयने लागले.”

माणिकप्पानं वाकून चिखलाचे बूट काढले आणि लिंबाजीशेजारी बाजेवर येऊन बसला. भामाबाईनं दोघांपुढं भाकरी ठेवली.